सस्पेन्शन लिफ्ट आणि मोठे टायर

सस्पेन्शन लिफ्ट आणि मोठे टायर : फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाडीची चेसिस (खालचा सांगाडा) अ‍ॅक्सलपासून (चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्यापासून) अधिक वर नेणे आणि कंपनीच्या मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर चढवणे, हे खडतर वाटांसाठी केले जाणारे दोन फेरफार. गॅरेजमध्ये ते जोडीने मागितले जातात आणि बहुधा एकाच खेपेत होतात, त्यामुळे दोन्हींचा उपयोग एकच असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात टायर अ‍ॅक्सल उचलतो, लिफ्ट चेसिस उचलते. गाडी नेमकी कशावर अडते हे खाली वाकून पाहिल्याशिवाय यांतले काय हवे ते ठरत नाही.

उंची दोन प्रकारची

पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या ये-जा करण्याने पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये मातीचा कणा उरतो. अखंड अ‍ॅक्सलची (दोन्ही चाके एकाच दांड्याला असलेली) जीप अशा वाटेवर टेकते ती डिफरन्शियलच्या, म्हणजे ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीच्या, फुगीर भागावर. तो अ‍ॅक्सलवरच असल्याने स्प्रिंगा कितीही लांब केल्या तरी त्याची जमिनीपासूनची उंची तसूभरही वाढत नाही. ती वाढते फक्त टायरने, तीही व्यासात पडलेल्या भरीच्या निम्मी.

मारुती सुझुकीने २०२३ मध्ये भारतात आणलेल्या जिम्नीचे उदाहरण घेऊ. तिला १९५/८० आर १५ मापाचे टायर येतात. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० हे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले टक्क्यांतले प्रमाण आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. हिशेब केला की टायरचा पूर्ण व्यास ६९३ मिलिमीटर निघतो. त्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर होतो. म्हणजे टायर ४१ मिलिमीटरने वाढला, पण डिफरन्शियल उचलला गेला जेमतेम २०. मूळच्या २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सवर ही भर किरकोळ वाटते. दगडांच्या वाटेवर मात्र घासून पुढे जाणे आणि अडकून बसणे यांत अनेकदा एवढेच अंतर असते. शिवाय मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडाची पायरी अधिक सौम्य कोनात चढते.

लिफ्टचा फायदा वेगळा. ओढ्यात उतरताना पुढचा बंपर समोरच्या काठाला लागतो, वर निघताना मागचा भाग घासतो आणि शेताचा बांध ओलांडताना पोट टेकते. हे तीन कोन (अप्रोच, डिपार्चर आणि ब्रेकओव्हर अँगल) चेसिस वर गेल्याने सुधारतात. मडगार्डखाली मोठ्या टायरसाठी जागाही त्यातूनच होते. पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या २०२० नंतरच्या महिंद्रा थारसारख्या गाड्यांत पुढचा डिफरन्शियल चेसिसला बांधलेला असतो, म्हणून तिथे लिफ्टबरोबर तोही वर जातो. मागचा अखंड अ‍ॅक्सल मात्र होता तिथेच राहतो.

लिफ्टच्या रीती

जुन्या जीपला कमानपाटे (एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असत. त्यांत एखादा पाटा वाढवणे, अधिक कमानीचे पाटे घालणे किंवा शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) लांब करणे या सर्वांत स्वस्त रीती. शॅकल जितका लांबवावा त्याच्या सुमारे निम्मी उंची मिळते. ज्या गाड्यांत पाटा अ‍ॅक्सलच्या खालून जातो, तिथे तो अ‍ॅक्सलच्या वर घेतला की एकदम भरपूर उंची मिळते. पण मग पाट्याच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतात आणि जोर देताना अ‍ॅक्सल पिळवटून पाटे एस आकारात वाकतात.

२०२० पूर्वीच्या थारच्या सीआरडीई आवृत्तीला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी दांडी) होता. त्याचा बोल्ट कसला की पैसा खर्च न करता गाडीचे नाक वर येते. ही उंची उसनी असते. चाकाचा खाली झुकण्याचा पल्ला तेवढाच कमी होतो, खड्ड्यात चाक लवकर लटकते आणि बॉल जॉइंट व अ‍ॅक्सलचे सीव्ही जॉइंट (वळणाऱ्या चाकाला ताकद देणारे सांधे) कायमचे तिरक्या कोनात फिरत राहतात. त्यांचे रबरी बूट फाटले की चिखल आत जातो आणि जॉइंट संपतो. कॉइल स्प्रिंगवर स्पेसर, म्हणजे नुसता ठोकळा, ठेवण्याची गोष्टही जवळपास अशीच. खरी लिफ्ट तीच, जिच्यात लांब स्प्रिंगबरोबर तिला साजेसे लांब शॉक अ‍ॅब्सॉर्बर येतात. बॉडी लिफ्टमध्ये चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालतात. तिने टायरला जागा होते, चेसिस तिळभरही उचलली जात नाही.

बिघडणारी भूमिती

लिफ्टची खरी किंमत इथे चुकवावी लागते. किटच्या पावतीवर ती दिसत नाही. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहू पाहते. मोटारीतही स्टिअरिंगचा आस असाच मागे झुकलेला असतो. या कोनाला कॅस्टर म्हणतात. जिम्नीसारख्या गाडीत पुढचा अखंड अ‍ॅक्सल मागून येणाऱ्या दोन आर्मना बांधलेला असतो. चेसिस वर गेली की हे आर्म पुढच्या टोकाला खाली झुकतात, अ‍ॅक्सल त्यांच्याबरोबर पुढे कलंडतो आणि कॅस्टर घटतो. मग महामार्गावर गाडी भरकटते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. भोक मध्यापासून सरकवलेले कॅस्टर बुश (आर्मच्या टोकातले रबरी गोल) बसवले की हा दोष बराच निघतो, आणि अखंड अ‍ॅक्सलच्या लिफ्टमध्ये ते पहिल्याच दिवशी बसवले पाहिजेत.

अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉडही लिफ्टनंतर अधिक तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला चेसिसच्या एका बाजूला ओढतो. गाडी मागून पाहिली तर एक चाक मडगार्डबाहेर जास्त आलेले दिसते. त्यावर लांबी बदलता येणारा रॉड हाच सरळ उपाय. प्रोपेलर शाफ्टचे (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचे) कोन वाढले की क्रॉसवर (त्याच्या टोकांच्या सांध्यांवर) ताण येतो. तिरका क्रॉस एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तरच ही धडधड एकमेकींत विरते. ब्रेकचे रबरी पाइप पुरेसे लांब आहेत का, हे चाक पूर्ण लटकवून पाहावे. हा पाइप ताणला जाऊन तुटला तर त्याची किंमत पैशात मोजता येत नाही.

टायरचा भार

वरच्या उदाहरणात टायर ५.८ टक्क्यांनी वाढला. स्पीडोमीटर मुळात अचूक धरला, तर काटा ८० वर असताना गाडी जवळपास ८५ च्या वेगाने जाईल आणि किलोमीटर कमी मोजले जातील. चाकाची ओढ साडेपाच टक्क्यांनी घटते. तेवढ्याच प्रमाणात ब्रेकची पकडही. चिखलाचे टायर वजनदार असतात, त्यामुळे वेग घेणे आणि थांबणे दोन्ही आणखी जड होते. मूळ जोर परत हवा असेल तर क्राउन-पिनियन (डिफरन्शियलमधली गिअरची जोडी) बदलतात. तिच्या दातांचे जुने प्रमाण टायरच्या नव्या व्यासाने गुणून जुन्या व्यासाने भागले की नवे प्रमाण मिळते, ४.१० असेल तर इथे ४.३४ लागेल. एका मापाच्या वाढीसाठी बहुतेक जण या खर्चात पडत नाहीत. त्याहून मोठी उडी घेणाऱ्याला तो टाळता येत नाही.

टायर बाहेर काढण्यासाठी उलट्या ऑफसेटचे रिम वापरले तर व्हील बेअरिंगवर आणि स्टिअरिंगवर जादा भार येतो. मागच्या दारावर टांगलेली स्टेपनीही जड होते आणि दाराच्या बिजागऱ्या ढिल्या पडू लागतात.

माती आणि हवा

टायरचे माप ठरवण्याआधी माती पाहावी. देशावरची काळी रेगूर माती ओली झाली की चिवट होते, नक्षीच्या खाचा भरते आणि चाक गुळगुळीत करून टाकते. तिथे रुंद खाचांचे मड टेरेन टायर कामाला येतात, कारण चाक फिरताना ते चिखल बाहेर फेकतात. कोकणातल्या जांभ्याच्या धारदार दगडावर बाजूच्या भिंती मजबूत लागतात, आणि रोज डांबरावरून फिरणाऱ्याला ऑल टेरेन टायर पुरतो.

हवा कमी करणे हा यांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. चाकावरचा भार ४०० किलो आणि हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला २ किलो (सुमारे २८ पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला पौंड) असेल, तर टायर जमिनीला साधारण २०० चौरस सेंटिमीटर टेकतो. दाब निम्मा केला की हे क्षेत्र जवळपास दुप्पट होते. आइसलँडमध्ये हेच तत्त्व टोकाला नेले आहे. तिथल्या हिमनद्यांवर ३८ ते ४४ इंची टायरच्या गाड्या अगदी कमी हवेवर चालतात, बर्फात रुतण्याऐवजी त्यावर पसरतात. आपल्याकडे चिखलात १८ पीएसआयपर्यंत उतरणेही पुष्कळदा पुरते; डांबरावर परतण्यापूर्वी हवा भरायलाच हवी, म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीत असावा.

कलंडण्याचा धोका

गाडी आडव्या उतारावर किती टिकते, हे डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागून ढोबळपणे कळते. समजा अंतर १,४०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० वर आहे. गुणोत्तर १ येते आणि कागदावरचा कलंडण्याचा कोन ४५ अंश. गुरुत्वमध्य ६० मिलिमीटर वर गेला की गुणोत्तर ०.९२ आणि कोन साडेबेचाळीस. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबल्यामुळे गाडी याच्या बरीच आधी उलटते. टपावर कॅरिअर आणि सामान असेल तर आणखी आधी. माझ्या मते सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांना दीड-दोन इंचांची लिफ्ट आणि एक माप मोठा टायर भरपूर झाला. त्यापुढची उंची गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतल्या गाड्यांना शोभते. त्यांना विंच (अडकलेली गाडी ओढणारे दोराचे यंत्र), रोल केज (उलटल्यास वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) आणि साहाय्यकाची साथ असते.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघातानंतर विम्याचा दावाही यावरून अडू शकतो. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीला कंपनीने दिलेले टायर वापरणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग. थारला २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशी दोन मापे येतात.

बसवल्यानंतर

एक चाक उंच दगडावर चढवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. टायर आतल्या लायनरला, बंपरला किंवा आर्मला घासत असेल तर ते इथेच कळते, आणि बंप स्टॉप (चाकाला फार वर जाऊ न देणारा रबरी अडसर) किती वाढवायचा तेही. व्हील अलाइनमेंट लगेच करावी, पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा कसावेत. लिफ्टने हेडलाइटही वर जातात आणि त्यांचा झोत समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत शिरतो. स्क्रू फिरवून तो खाली आणायला पाच मिनिटे लागतात, आणि हे काम गाडी गॅरेजबाहेर पडण्यापूर्वी झाले पाहिजे.