४१६४१६ आणि शेजारचा ४१५००१ : दोन पिनकोडांची पार्श्वभूमी

सांगलीचा पिनकोड एकदा ऐकला की पुन्हा विचारावा लागत नाही: चारशे सोळा, चारशे सोळा. ही जुळणी कुणी मुद्दाम केलेली नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड आला, तो दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. पहिले तीन आकडे टपालाच्या छाननीचे, पुढचे तीन त्या-त्या पोस्टाचे. ४१६ कोल्हापूरलाही आहे. सांगलीला त्यापुढे पुन्हा ४१६ आला, इतकंच.

पण तीन अंकी संख्या लागोपाठ दोनदा लिहिणं म्हणजे तिला १००१ ने गुणणं, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. शिवाय ४१६ मध्ये पाच वेळा २ आणि आणखी एक १३. सगळे मिळून विभाजक भरतात ७२. खुद्द संख्या सोडून बाकीच्यांची बेरीज ६,९०,३६८, म्हणजे संख्येपेक्षा कितीतरी जास्त. या बेरजेवरून संख्यांचे गट पाडायची रीत ग्रीकांची. इ. स. १०० च्या सुमारास निकोमाकसने ती मांडली: बेरीज बरोबर आली तर परिपूर्ण, कमी पडली तर न्यून, वर गेली तर विपुल. विपुल संख्या त्याला दहा तोंडांच्या, शंभर हातांच्या प्राण्यासारख्या बेढब वाटत. सांगलीकरांनी मनावर घेऊ नये.

आपल्याकडची वर्गवारी जास्त खेळकर. देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ म्हणत. ४१६४१६ च्या अंकांची बेरीज २२. भागाकार १८९२८, बाकी शून्य. पाश्चात्त्य देशांत १९७७ मधल्या एका व्याख्यानानंतर याच संख्यांना गणिती निव्हनचं नाव चिकटलं. कापरेकरांचं बारसं त्याच्या आधीचं.

साताऱ्याचा ४१५००१ हर्षद नाही. ११ ने भागलं तर ४ उरतात. ७, १३, १७, १९ करत जा, कशानेच भाग जात नाही. ही मूळ संख्याच असणार, असं वाटायला लागतं. इथे नारायण पंडितांची रीत कामी येते. १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त अवयव पाडण्यावर वेगळं प्रकरणच आहे: संख्येत असा वर्ग मिळवायचा की बेरीजही वर्गच यावी. ४१५००१ च्या लगेच वरचा वर्ग ६४५ चा, ४१६०२५. फरक १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. पहिल्याच फटक्यात काम झालं! ६४५ मधून ३२ वजा केले की ६१३, मिळवले की ६७७. हेच ४१५००१ चे दोन अवयव, आणि दोन्ही मूळ संख्या. नुसते भागाकार करत बसलं तर ६१३ च्या आधीच्या १११ मूळ संख्या तपासाव्या लागतात.

युरोपात ही रीत सतराव्या शतकातल्या फ्रेंच गणिती फर्माच्या नावाने ओळखली जाते. ती एवढ्या झटकन लागू पडते ते दोन अवयव जवळजवळ असतील तेव्हाच. म्हणून गुप्तलेखनासाठी दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करताना त्या एकमेकींच्या फार जवळच्या निघू नयेत, याची आजही काळजी घेतात.