सात नंबरचं कार्ड

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आईच्या शिवणाच्या डब्यात, बटणं आणि सेफ्टी पिनांच्या मधे, एक मायक्रोएसडी कार्ड सापडलं. २ जीबीचं, काळं, अंगठ्याच्या नखाएवढं. ते तिथे कुणी ठेवलं, कधी ठेवलं, कुणालाच आठवेना. धाकटा भाऊ म्हणाला, "टाकून देऊ?" मी आधी कार्ड रीडरला लावून पाहिलं. आत २०११ सालची चौदा रेकॉर्डिंग निघाली. आजी जात्यावर बसून ओव्या म्हणतेय, मागे जात्याची घरघर, आणि मधेच ती कुणाला तरी "अगं, कवाड लोट" म्हणून सांगतेय. आजीला जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नव्हता.

चौदापैकी अकरा नीट वाजली. दोन मधेच तुटली. एक उघडलंच नाही.

त्या संध्याकाळी घरातली सगळी कार्डं एका ताटात गोळा केली. जुन्या फोनच्या खोक्यातून, पाकिटाच्या चोरकप्प्यातून, देवघराच्या खणातून, चष्म्याच्या घरातून अशी एकवीस निघाली. एकावरही आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. बाहेरून सगळी सारखीच. पुस्तकाची पाठ दिसते, कॅसेटवर नाव लिहायला पट्टी असायची, फोटोचा अल्बम उघडला की कळतो. कार्डाला यातलं काहीच नाही. म्हणून ते हरवायला फार सोपं आहे, आणि आतलं न पाहता फेकून द्यायला त्याहून सोपं.

ते आत काय धरून ठेवतं, हे एकदा समजलं की ते कसं ठेवायचं हे आपोआप कळतं. मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असतं. त्यात चुंबक नाही आणि फिरणारा भागही नाही. फ्रिजवरच्या शोभेच्या चुंबकाला कार्ड चिकटून राहिलं तरी माहिती पुसली जात नाही. ती भीती फ्लॉपी आणि कॅसेटच्या काळातून आलेली आहे. कार्डात आहेत अब्जावधी सूक्ष्म पेशी, आणि प्रत्येक पेशीत कोंडलेले थोडेसे इलेक्ट्रॉन. आजीची ओवी म्हणजे शेवटी कुठल्या पेशीत किती इलेक्ट्रॉन आहेत, एवढंच.

ते तिथे कोंडायचे कसे, याची मूळ कल्पना १९६७ सालची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये दावोन कांग आणि सायमन झी या दोघांनी असा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा सूक्ष्म स्विच, मांडला, ज्याच्या पोटात विद्युतवाहकाचा एक तुकडा चारी बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेला असतो. त्या तुकड्याला तार जोडलेली नाही, वाट नाही, दार नाही. त्याला फ्लोटिंग गेट म्हणतात. भोवतीचा थर दहाएक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतका. एरवी इलेक्ट्रॉनांना तो ओलांडता येत नाही. पण वीसेक व्होल्टचा दाब दिला की ते भिंत न फोडता, न चढता, पलीकडे निघतात. भिंत पुरेशी पातळ असेल तर इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची शक्यता शून्य नसते, हा पुंजभौतिकीचा नियम. त्याला टनेलिंग म्हणतात. आपण फोटो काढतो तेव्हा कॅमेऱ्यात दर वेळी हेच घडतं, आणि मला अजूनही त्याचं नवल वाटतं. दाब काढून घेतला की आत गेलेले आतच अडकतात. वीज नसतानाही वर्षानुवर्षं.

या पेशी दाटीवाटीने बसवून एकदम मोठ्या गटाने पुसता येतील अशी रचना जपानच्या तोशिबात फुजिओ मासुओका यांनी शोधली आणि १९८४ साली जगापुढे मांडली. क्षणात सगळं पुसलं जातं ते पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, आणि फ्लॅश मेमरी हे नाव पडलं. आज कार्डात वापरतात ती नँड प्रकारची रचना त्यांच्याच गटाने १९८७ साली मांडली. सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी मिळून १९९९ साली एसडी कार्ड आणलं.

आता त्या तुटलेल्या ओव्यांकडे येऊ. इलेक्ट्रॉन आत अडकतात हे खरं, पण भिंत पूर्ण निश्छिद्र नसते. अगदी सावकाश ते झिरपत बाहेर पडतात. दर वेळी लिहिताना-पुसताना तो पातळ थर किंचित खराब होतो, त्यामुळे फार वापरलेल्या कार्डात गळती जास्त. आणि उष्णतेने ती वेगाने वाढते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कार्ड राहिलं, तर ते कपाटातल्या कार्डापेक्षा कितीतरी लवकर म्हातारं होतं.

यात आणखी एक गोष्ट आहे. ती सांगायला मला आजीच्या घरातली मापं आठवतात. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. प्रत्येक पायरीला दुप्पट. सुरुवातीच्या फ्लॅश मेमरीत एका पेशीत एकच बिट (शून्य किंवा एक) असायचा, म्हणजे शेर भरलेला आहे की रिकामा एवढंच पाहायचं. थोडं सांडलं तरी भरलेला शेर भरलेलाच दिसायचा. मग कंपन्यांनी त्याच पेशीत दोन बिट ठेवले, मग तीन. तीन बिट ठेवायचे तर आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, म्हणजे शेरात किती कोळवी धान्य आहे ते नेमकं सांगायचं. चार बिटांना सोळा पातळ्या, तिथे हिशेब निळव्यावर आला. आता मूठभर सांडलं तरी माप चुकतं. त्याच आकाराच्या कार्डात कितीतरी पट फोटो मावू लागले, त्यामागचं एक मोठं कारण हे, आणि त्याची किंमतही हीच.

चुका होणार हे धरूनच कार्ड बनवलेलं असतं. आत एक छोटा नियंत्रक असतो. तो माहितीबरोबर थोडी जादा पडताळणीची माहिती लिहून ठेवतो आणि वाचताना चुकलेले बिट दुरुस्त करतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. पण त्याच्या दुरुस्तीला मर्यादा आहे. एका पानातल्या, म्हणजे एकदम वाचल्या जाणाऱ्या पेशींच्या गटातल्या, चुका त्या मर्यादेपलीकडे गेल्या की ते पान वाचताच येत नाही, आणि गाणं चरणाच्या मध्यात थांबतं. कागद हळूहळू पिवळा पडतो, टेप खरखरू लागते, आपण सावध होतो. कार्ड तशी सूचना देत नाही. कालपर्यंत सगळं ठीक, आज फाइल नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: कार्ड म्हणजे पोतं. खळ्यावरून धान्य घरी आणायला पोतं लागतंच, पण वर्षभराचा दाणा कणगीत जातो. कार्डावरचं लवकरात लवकर दोन वेगळ्या जागी उतरवावं, त्यातली एक जागा घराबाहेरची असावी. कुणी सांगतं, वर्षातून एकदा कार्ड फोनला लावून फोटो बघितले की झालं. नुसतं वाचल्याने पेशी पुन्हा भरतीलच असं नाही. माहिती नव्याने लिहिली, तरच नवे इलेक्ट्रॉन आत जातात.

उतरवणं म्हणजे नुसतं ओढून टाकणंही नव्हे. मोठी कॉपी मधेच अडखळते आणि फोल्डरची नावं मात्र सगळी दिसतात. फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळवून पाहावा. ज्याला जमेल त्याने चेकसम काढावा. फाइलमधल्या प्रत्येक बिटावरून गणित करून एक लांबलचक आकडा निघतो, आणि एक बिट जरी बदलला तरी तो आकडा ओळखू न येण्याइतका बदलतो. दोन्ही प्रतींचा आकडा एकच आला की मग निःशंक मनाने कार्ड रिकामं करायचं, तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून.

चुकून पुसलं तर काय, हे इथेच सांगतो. डिलीट केल्यावर साधारणपणे फक्त यादीतली नोंद जाते, माहिती पेशींमध्ये तशीच पडून राहते, त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. त्यामुळे चूक लक्षात आली की त्याच क्षणी कार्ड बाहेर काढावं. एकही नवा फोटो काढू नये. याच कारणाने जुना फोन विकताना कार्ड आत विसरू नये.

आता मांडामांड. या बाबतीत मला सगळ्यात शिकण्यासारखं काम वाटतं ते वाघ मोजणाऱ्यांचं. २०१८च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ जागी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले होते. त्यांतून ३,४८,५८,६२३ फोटो निघाले. त्यांपैकी ७६,६५१ फोटो वाघांचे आणि ५१,७७७ बिबट्यांचे. जगातलं सर्वांत मोठं कॅमेरा ट्रॅप सर्वेक्षण म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद झाली. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक कॅमेरा बांधतात. म्हणजे प्रत्येक जागेची किमान दोन कार्डं. समजा ताडोबातल्या दोन पाणवठ्यांची कार्डं खिशात एकत्र झाली. फोटो उत्तम आहेत, वाघ स्पष्ट आहे, पण तो कुठे दिसला हेच कळत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर केव्हा दिसला तेही कळत नाही. कार्ड शाबूत राहूनही नोंद हातची जाते.

घरातही नेमकं हेच होतं, कारण कॅमेरे फाइलींना नावं देतात ती फार तोकडी. डीसीआयएम फोल्डर, त्यात १०० पासून सुरू होणारे तीन आकडी फोल्डर, आणि फाइलीच्या नावात चार अक्षरं व चार आकडे. ही पद्धत १९९८ साली जपानी उद्योगाने ठरवलेली आहे. ९९९९ झालं की मोजणी पुन्हा ०००१ वर येते. त्यामुळे बहिणीच्या लग्नातला एक फोटो आणि भाच्याच्या बारशातला एक फोटो अगदी एकाच नावाचे असू शकतात. एका फोल्डरमध्ये टाकायला गेलात आणि घाईत "बदला" वर बोट पडलं, तर एक गेला.

मी एकवीस कार्डांना एकवीस नंबर दिले. बारीक टोकाच्या पक्क्या शाईच्या पेनाने, कार्डाच्या पुढच्या बाजूला, फक्त आकडा. मायक्रोएसडीवर कागद किंवा चिकटपट्टी लावू नये. खाच मिलिमीटरच्या हिशेबाने बनवलेली असते, पट्टी आत सुटते आणि कार्ड अडकतं. मागच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. घामाचा थर बसला की कार्ड कधी दिसतं, कधी नाही. बाकीचा तपशील वहीत. वहीच्या पानावर नंबर, क्षमता, आत काय, कोणत्या तारखेचं, कुठे उतरवलं, पडताळलं की नाही. हो, कागदाची वही. ती उघडायला कार्ड रीडर लागत नाही.

नवं काही टिपायला बसताना पहिला फोटो एका कागदाचा काढतो. त्यावर ठिकाण, तारीख आणि कार्डाचा नंबर मोठ्या अक्षरात. रेकॉर्डिंग असेल तर तेच तोंडाने बोलतो. कार्ड डबीत गेलं, वही हरवली, तरी आतला पहिलाच फोटो सांगेल की हे काय आहे.

डबी म्हणजे कार्डाच्या मापाचे कप्पे असलेली प्लॅस्टिकची चपटी पेटी, बाजारात सहज मिळते. रिकामं कार्ड नंबर वर करून ठेवायचं, भरलेलं पालथं. लग्नाचे फोटो काढणारे कित्येक जण असंच करतात, आणि मांडवातल्या गर्दीत, अंधारात, हीच खूण कामी येते. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला कुलपाची छोटी सरकपट्टी असते, भरलेल्या कार्डाची ती लावून टाकावी. मात्र तिच्यावर विसंबू नये. कार्डातल्या चिपला त्या पट्टीची खबरच नसते. ती कुठे आहे हे कॅमेरा किंवा रीडर पाहतो आणि लिहायचं की नाही ते तोच ठरवतो. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही, डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, बाहेर काढताच त्यावर दव धरतं.

खरेदीबद्दल एवढंच. १२८ जीबीचं कार्ड संगणकावर ११९ च्या आसपास दिसलं तर ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीने मोजते, बरेच संगणक १०२४च्या. खरी फसवणूक वेगळी असते: आत चिप ८ जीबीची, आणि नियंत्रकाला खोटं बोलायला शिकवलेलं. अशा कार्डावर पहिले फोटो नीट दिसतात, पुढचे लिहिले जातात असं वाटतं आणि कुठेच जात नाहीत. नवं कार्ड आणलं की ते काठोकाठ भरून परत वाचून पाहणारी फुकट सॉफ्टवेअर आहेत, ती एकदा चालवावीच.

आजीचं कार्ड माझ्या वहीत सात नंबरवर आहे. त्याची मी आधी बिट-बिट जशीच्या तशी प्रत काढली, वाचता न येणाऱ्या पानांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करणाऱ्या एका सॉफ्टवेअरने, रात्रभर लावून. सगळं काम मग त्या प्रतीवर केलं, मूळ कार्डाला हात लावला नाही. न उघडणारं रेकॉर्डिंग त्यातून उघडलं. तुटलेल्यांपैकी एक पूर्ण झालं, दुसरं नाही. ते दुसऱ्या चरणावरच थांबतं, जात्याची घरघरही तिथेच संपते. फोनवर मावशीला तेवढाच तुकडा ऐकवला. ती क्षणभर गप्प राहिली आणि पुढचे दोन चरण म्हणून गेली. मी तिला थांबवलं, रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि तिच्याकडून तारीख, गावाचं नाव आणि नंबर सात एवढं आधी बोलून घेतलं.