‘अपॉर्च्युनिटी झोन’ची पार्श्वभूमी: सवलत कुणाच्या नावावर?

‘डी प्लस’ तालुका म्हणजे उद्योगांत मागास तालुका, हे महाराष्ट्रातल्या उद्योजकाला समजावून सांगावं लागत नाही. १९६४च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेपासून मागास भागात उद्योग काढणाऱ्यांना सरकार सवलती देत आलं आहे. अमेरिकेत ही कल्पना कारखान्यापुरती राहिली नाही, राहत्या वस्तीत शिरली. तिथल्या ‘अपॉर्च्युनिटी झोन’ची, म्हणजे गुंतवणूकदारांना करसवलत देणाऱ्या गरीब वस्त्यांची, नवी यादी १ जानेवारी २०२७पासून लागू होणार आहे.

मूळ कल्पना ब्रिटनमधली. ओसाड पडलेल्या शहरी भागांत कर आणि नियमांत हाँगकाँगसारखी मोकळीक देऊन पाहावी, असं नियोजनतज्ज्ञ पीटर हॉल यांनी १९७७मध्ये सुचवलं. थॅचर सरकारचे अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी त्यातून ‘एंटरप्राइझ झोन’ आणले. लंडनच्या आइल ऑफ डॉग्जमध्ये गोद्या बंद पडल्या होत्या. १९८२मध्ये तिथे झोन सुरू झाला आणि पुढे त्याच जमिनीवर कॅनरी व्हार्फ या बँकांच्या केंद्राचे मनोरे उभे राहिले. पण बँकांमधल्या त्या नोकऱ्या गोदी कामगारांसाठी नव्हत्या.

अमेरिकेत १९९३च्या कायद्यानुसार क्लिंटन सरकारने डेट्रॉइट, शिकागो, बाल्टिमोरसारखी शहरं निवडून ‘एम्पॉवरमेंट झोन’ केले. कामगार झोनमध्ये राहणारा आणि झोनमध्येच काम करणारा असेल, तर त्याच्या वार्षिक पगाराच्या पहिल्या १५,००० डॉलरवर मालकाला २० टक्के करसूट मिळे. या सगळ्या इतिहासातली मला ही सर्वांत शहाणी अट वाटते. सूट घ्यायची तर वस्तीतल्या माणसाला कामावर ठेवायलाच हवं.

डिसेंबर २०१७च्या करकायद्याने ‘अपॉर्च्युनिटी झोन’ आणले, त्यात ही अट नव्हती. टिम स्कॉट आणि कोरी बुकर या दोन पक्षांच्या सिनेटरांनी ‘अपॉर्च्युनिटी झोन’ची कल्पना पुढे नेली होती. राज्यपालांनी शिफारस करायची, अर्थखात्याने शिक्का मारायचा, अशा रीतीने जनगणनेचे ८,७६४ विभाग ठरले. गरिबीच्या मोजणीत वसतिगृहाबाहेर राहणारे, कमाई नसलेले विद्यार्थीही गरीब धरले जातात. त्यामुळे विद्यापीठांलगतचे काही विभाग यादीसाठी सहज पात्र ठरले.

सवलत कशी चालते, ते नीट पाहिलं की बाकीचं उलगडतं. शेअर विकून कुणाला १० लाख डॉलर नफा झाला, तर १८० दिवसांत तो झोनमध्ये गुंतवणूक करणाऱ्या फंडात घालायचा. २०१७च्या कायद्याने त्या नफ्यावरचा कर २०२६ अखेरपर्यंत लांबवला. पण खरी मलई पुढे आहे. गुंतवणूक १० वर्षं ठेवली, तर झोनमधल्या इमारतीची जी किंमत वाढेल, त्या वाढीवर काहीच कर नाही. म्हणजे किंमत जितकी चढेल तितकी सूट मोठी. परवडणाऱ्या भाड्याच्या इमारतीची किंमत फारशी चढत नाही, म्हणून तिथे सूटही किरकोळ. महागड्या फ्लॅटच्या इमारतीला मात्र ती भरभरून मिळते. भाड्यावर मर्यादा घालणारं कलम कायद्यात नाही.

शिवाय जुनी इमारत घेतली, तर जमिनीची किंमत सोडून तिच्या खरेदी किमतीहून अधिक खर्च ३० महिन्यांत तिच्यावर करायला हवा, असा २०१७चा नियम होता. साहजिकच डोळा गेला तो रिकाम्या प्लॉटवर आणि पाडण्याजोग्या इमारतींवर. झोन जाहीर होताच अशा जागांचे भाव चढल्याचं अभ्यासकांना आढळलं, तर राहत्या घरांच्या किमतींत फारसा फरक दिसला नाही. सवलतीचा एक वाटा वीट रचण्याआधीच जमीनमालकाच्या खिशात गेला. नवी घरं झाली, हेही खरं आहे आणि घरांची टंचाई असलेल्या शहरांत ते महत्त्वाचं आहे. पण पैसा थोड्याच विभागांत साचला, अनेक विभागांत तर आलाच नाही. २०१७च्या कायद्यात हिशेब जाहीर करण्याची सक्ती नसल्यामुळे हे कळायलाही वर्षं गेली.

जुलै २०२५मध्ये ही योजना कायमची झाली. उत्पन्नाचा निकष कडक झाला, ग्रामीण भागासाठी जादा सूट आली, हिशेबाची सक्तीही आली. भाड्याबद्दलचं कलम याही वेळी आलं नाही.