संतमस (बाह्यग्रह)

षडंश तारकासमूहातील ‘बिभा’ (तारासूचीतील क्रमांक एचडी ८६०८१) या ताऱ्याभोवती फिरणारा महाकाय वायुग्रह. पृथ्वीपासून अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षे. शोध २००६ मध्ये, हवाई बेटांवरील केक दुर्बिणीच्या निरीक्षणांतून लागला.

हा ग्रह प्रत्यक्ष कोणी पाहिलेला नाही. त्याच्या ओढीने तारा सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने मागेपुढे डोलतो, आणि ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातील (रंगपट्ट्यातील) रेषा तेवढ्याच तालात सरकतात. ग्रहाविषयीची बहुतेक माहिती या सरकण्यातून काढलेली आहे. प्रदक्षिणेचा काळ अवघा २.१४ दिवसांचा, म्हणजे तिथले वर्ष आपल्या ५१ तासांत संपते. ताऱ्यापासूनचे अंतर बुध-सूर्य अंतराच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके. त्यामुळे वरच्या थरांचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या बरेच पुढे असावे. वस्तुमान गुरूच्या किमान दीडपट. ‘किमान’ म्हणायचे, कारण कक्षा आपल्या दृष्टिरेषेशी किती कललेली आहे हे ठाऊक नसल्याने या पद्धतीत खरा आकडा हाती लागत नाही. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही, म्हणून त्याचा व्यासही मोजता आलेला नाही. एवढ्या जवळ असा वायुगोल तयार होणे अवघड. तो दूरवर जन्मून आत सरकला, असे सामान्यतः मानतात.

नामकरण २०१९ चे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव देण्यासाठी मिळाला; भारताच्या वाट्याला ही जोडी आली. ताऱ्याचे नाव वैश्विक किरणांच्या (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या) अभ्यासक बिभा चौधरी (१९१३–१९९१) यांच्यावरून ठेवले. भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्रमोहन बोस यांच्यासोबत त्यांनी दार्जिलिंगच्या परिसरात उंचावर फोटोग्राफिक पट्ट्या ठेवून मेसॉन या अतिसूक्ष्म कणाचा मागोवा घेतला होता. त्याच मार्गावरील कामासाठी १९५० चे भौतिकशास्त्राचे नोबेल ब्रिटिश शास्त्रज्ञ सेसिल पॉवेल यांना मिळाले. ग्रहाचे नाव संस्कृत असून त्यामागे ढगाळ वातावरणाची कल्पना आहे, अर्थात ते ढग अजून कोणी मोजलेले नाहीत.

नागपूरहून बिभा तारा पाहायचा तर गुढीपाडव्याचा सुमार उत्तम: चंद्राचा अडथळा नसतो आणि रात्री नऊच्या आगेमागे तारा दक्षिणेला सुमारे ६५ अंश उंचीवर असतो. मघा आणि वासुकी तारकासमूहातील अल्फार्ड या ताऱ्यांच्या मधल्या रिकाम्या पट्ट्यात, अल्फार्डच्या अलीकडे तो शोधावा. तेजस्वितेची प्रत ८.७ असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शहराच्या उजेडात लहान दुर्बीण लागतेच. पेंच व्याघ्र प्रकल्पात, २०२४ मध्ये भारतातील पहिले आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क (कृत्रिम उजेडापासून जपलेले अंधाऱ्या आकाशाचे क्षेत्र) ठरलेल्या परिसरात, चांगली द्विनेत्री आणि तारानकाशा पुरतो.