मापनातील अनिश्चितता आणि सार्थ अंक

मोजून आलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना राशीची खरी किंमत किती अंतरापर्यंत असू शकते, हे सांगणारी संख्या म्हणजे मापनातील अनिश्चितता. ती ± या चिन्हापुढे लिहितात. आकड्यातले खात्रीचे अंक आणि त्यांच्यामागचा पहिला अंदाजाचा अंक मिळून सार्थ अंक होतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांना हा विषय पीयूसीच्या (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या) पहिल्या वर्षी इंग्रजीतून भेटतो. शून्य कधी धरायचे आणि कधी सोडायचे याचे नियम पाठ होतात, पण ते कशासाठी आहेत हे बहुधा मागे राहते. खरे तर त्यांची उदाहरणे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आणि शेताच्या बांधावर रोज दिसतात.

वाचन १० किलोच्या टप्प्याने बदलणारा वजनकाटा घ्या. उसाने भरलेली गाडी २४,८६० किलो, रिकामी ६,३२० किलो, निव्वळ ऊस १८,५४० किलो. यातले शेवटचे शून्य कोणी मोजलेले नाही. ते काट्याच्या टप्प्यामुळे आले आहे. म्हणून सार्थ अंक चारच. हेच वजन १८.५४ टन असे लिहिले की शंका उरत नाही. टप्प्यामुळे प्रत्येक वाचनात ±५ किलोची अनिश्चितता येते. वजाबाकी केली तरी अनिश्चितता वजा होत नाही, तिची बेरीज होते. निव्वळ वजनात ती जास्तीत जास्त ±१० किलो होते. काटा मुळातच शून्यावर नसेल, तर ती शून्य त्रुटी दोन्ही वजनांत सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. पण काटा दर टनामागे काही किलो कमी दाखवत असेल, तर ती चूक वजाबाकीने जात नाही आणि गाडी दहा वेळा तोलली तरी कळत नाही. तिच्यासाठी प्रमाणित वजनेच ठेवून पाहावी लागतात.

गुणाकारात टक्के मोजावे लागतात. समजा, एका काटकोनी तुकड्याची लांबी ४०.२ मीटर आणि रुंदी २५.३ मीटर भरली, आणि प्रत्येक मापात ±०.१ मीटर अनिश्चितता आहे. गणकयंत्र क्षेत्रफळ १,०१७.०६ चौरस मीटर दाखवते. लांबीतली अनिश्चितता पाव टक्का, रुंदीतली ०.४ टक्के, दोन्ही मिळून सुमारे ०.६५ टक्के, म्हणजे ±७ चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. ही व्याख्याच असल्यामुळे या आकड्यात अनिश्चितता नाही, आणि सार्थ अंक मोजताना तो आड येत नाही. मीटरमध्ये तो १०१.१७ चौरस मीटर भरतो. त्याचा सोळावा भाग म्हणजे एक आणा, सुमारे ६.३ चौरस मीटर. त्यामुळे वरचा तुकडा ‘दहा गुंठे एक आणा’ असा लिहिला तरी त्यातल्या आण्याला आधार नाही, कारण मोजणीतली शंकाच एका आण्याहून मोठी आहे. बांधावरून भांडणाऱ्या भावकीने हा हिशेब एकदा तरी करून पाहावा, असे मनापासून वाटते. दोन्ही मापांत तीनच सार्थ अंक आहेत, म्हणून सार्थ अंकांच्या नियमाने हेच क्षेत्रफळ १,०२० चौरस मीटर लिहावे लागते, तर ±ने लिहिले की १,०१७ ± ७. दुसऱ्यात माहिती अधिक आहे; सार्थ अंकांचा नियम ही घाईच्या वेळची ढोबळ सोय आहे.

प्रयोगशाळेत हा प्रश्न साध्या लंबकापाशी सर्वांत ठळक होतो. लांबी १००.० ± ०.१ सेंटिमीटर आणि २० आंदोलनांचा वेळ ४०.२ ± ०.२ सेकंद मिळाला, तर गुरुत्व त्वरण g = ४π²L/T² (L म्हणजे लांबी, T म्हणजे एका आंदोलनाचा वेळ) या सूत्राने ९.७७१६४३७ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. T चा वर्ग असल्यामुळे वेळेतला अर्धा टक्का दुप्पट होतो, त्यात लांबीचा ०.१ टक्का मिळवला की १.१ टक्के. उत्तर ९.८ ± ०.१ एवढेच, उरलेले अंक गणकयंत्राचे आहेत, लंबकाचे नाहीत. तरीही वहीत ९.८१ उतरावे म्हणून वेळेचे आकडे मागाहून जुळवले जातात, ही फार खेदाची गोष्ट आहे. ९.८१ ही लंडन-पॅरिसच्या अक्षांशांवरची किंमत. १९०१ मध्ये ठरलेले प्रमाण मूल्य ९.८०६६५ आहे. विषुववृत्तावर g सुमारे ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२. बेळगाव १६ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे ते ९.७८ च्या आसपास असते. म्हणजे प्रामाणिकपणे ९.७७ काढणारा विद्यार्थी इथल्या खऱ्या किमतीच्या अधिक जवळ असतो. १०० आंदोलने मोजली, तर तेवढ्याच ०.२ सेकंदाच्या शंकेचा वाटा पाचपट कमी होतो आणि अनिश्चितता ±०.०३ पर्यंत उतरते. तेव्हासुद्धा ९.७८ आणि ९.८१ यांत जेमतेम भेद करता येतो.

त्रुटी आणि अनिश्चितता हे शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत. वाचन आणि खरी किंमत यांतला फरक म्हणजे त्रुटी. तो कळला तर दुरुस्त करता येतो. अनिश्चितता म्हणजे दुरुस्तीनंतरही उरलेली शंका. ती कशी मांडावी यासाठी १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली: पुनःपुन्हा मोजून संख्याशास्त्राने काढलेली अनिश्चितता एका प्रकारची, आणि उपकरणाचे लघुतम माप, प्रमाणपत्र किंवा आधीचा अनुभव यांवरून ठरवलेली दुसऱ्या प्रकारची.

दुरुस्ती कोणत्या किमतीशी ताडून करायची, हाही प्रश्न बेळगावातच उभा राहतो. इथे उकळत्या पाण्यात धरलेला चांगला तापमापक १०० नव्हे, तर सुमारे ९७.५ अंश सेल्सिअस दाखवतो, कारण या उंचीवर हवेचा दाब कमी आहे. ती तापमापकाची शून्य त्रुटी समजून प्रत्येक वाचनात अडीच अंश मिळवले, तर बरोबर असलेली सगळी वाचने अडीच अंशांनी चुकतात. त्या दिवशीचा हवेचा दाब मोजून पाण्याचा उत्कलनबिंदू काढला, तर निदान त्या एका बिंदूपाशी तापमापक तपासता येतो.