कटिंग (शक्तिव्यायाम व आहार)

कमावलेला स्नायू शक्य तितका राखून अंगावरची चरबी उतरवण्याचा, ठरावीक मुदतीचा व्यायाम-आहाराचा टप्पा. शब्द शरीरसौष्ठवाच्या वर्तुळातला. ‘मुंबई श्री’, ‘महाराष्ट्र श्री’, ‘भारत श्री’ यांसारख्या स्पर्धांच्या आधी काही महिने स्पर्धक ‘कटिंगवर’ असतात. मंचावर पोझ देताना स्नायूंच्या रेषा उठून दिसाव्यात, हा हेतू. आता स्पर्धेशी देणेघेणे नसलेल्या, केवळ सुटलेले पोट आत घ्यायला आलेल्या माणसाच्या तोंडीही हा शब्द बसला आहे. याच्या उलट, जास्त खाऊन अंग भरण्याच्या टप्प्याला ‘बल्किंग’ म्हणतात.

कटिंगमधली कामाची वाटणी अशी: चरबी उतरवायची ती ताटातून, आणि वजने उचलायची ती स्नायू वाचवण्यासाठी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ही वाटणी उलटी होते. माणूस घाम गाळून चरबी जाळू पाहतो आणि जेवणात हात आखडताना नेमकी प्रथिने कमी करून बसतो.

वजन, पाणी आणि चरबी

काट्यावरच्या आकड्यात हाडे, स्नायू, चरबी, पाणी, आतड्यातले अन्न असे सगळेच असते. स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या ग्लायकोजेनच्या (शरीराने साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी राहते. भात-पोळी कमी केल्यावर पहिल्याच आठवड्यात एक-दोन किलो उतरतात, ते बहुतांशी हेच पाणी. कुस्तीगीर वजनगटात बसण्यासाठी जे करतात तेही पाणी काढणेच. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतने ब्राँझपदकाच्या लढतीआधी सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवून ५७ किलो गटाचे वजन दिले. त्याच्या दोनच दिवस आधी विनेश फोगाट ५० किलो गटात १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली होती. ४.६ किलो चरबी वापरली जायची तर ३५ हजार किलोकॅलरी खर्च व्हाव्या लागतात. एका रात्रीत तेवढ्या खर्चण्याची ताकद कोणत्याच शरीरात नाही.

उलट बाजूने पाहिले तर वजन ‘बरोबर’ असूनही चरबी जास्त असू शकते. ‘द लॅन्सेट’ने २००४ साली छापलेल्या एका छायाचित्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे आहेत. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हा ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून प्रसिद्ध झाला. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातही याज्ञिकांना हेच चित्र नवजात बाळांत दिसले: वजनाला कमी, स्नायूंनी हलकी, पण चरबी टिकवून जन्मलेली. त्यामुळेच भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्सची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ वर, आणि कंबरेच्या घेराची पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरवर धरतात. हातपाय काटक्यासारखे आणि पोट तेवढे पुढे, अशा माणसाने नुसते खाणे तोडले तर मुळात कमी असलेला स्नायू आणखी घटतो. त्याच्यासाठी वजने आधी, तूट (खर्चापेक्षा कमी ऊर्जा खाणे) नंतर आणि तीही बेताची.

तूट किती ठेवावी

एक किलो शरीरचरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. रोज ५०० ची तूट ठेवली तर कागदावर आठवड्याला अर्धा किलो जातो. प्रत्यक्षात महिन्या-दोन महिन्यांनी वेग मंदावतो. हलके झालेले शरीर कमी ऊर्जेत भागवते, आणि माणूस नकळत कमी हलतो. जिने टाळतो, बसल्या जागी पाणी मागवतो.

टोकाची तूट काय करते याचा सर्वांत तपशीलवार पुरावा मिनेसोटा विद्यापीठातला आहे. ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांना सहा महिने दिवसाला सुमारे १,६०० किलोकॅलरींवर ठेवले आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावले. त्यांचे वजन जवळपास चौथ्या हिश्शाने घटले. चरबीबरोबर स्नायूही गेला, अंग सतत गार पडू लागले आणि मनात अन्नाशिवाय विषय उरला नाही. नॉर्वेतल्या खेळाडूंवरचा २०११ चा अभ्यास व्यायामशाळेच्या अधिक जवळचा. सगळे वजने उचलत होते. आठवड्याला शरीरवजनाच्या ०.७ टक्के वेगाने उतरणाऱ्या गटाचा स्नायू या काळात सुमारे २ टक्के वाढला. दुप्पट वेगाने उतरणाऱ्यांचा वाढला नाही. म्हणून आठवड्याला अर्धा ते एक टक्का हा वेग योग्य मानला जातो, म्हणजे ८० किलोच्या माणसाला ४०० ते ८०० ग्रॅम. अंगावर चरबी भरपूर असेल तर वरची बाजू चालते. पोटाच्या रेषा दिसू लागल्या की खालची.

वजने

कटिंग सुरू होताच पहिला सल्ला मिळतो, ‘वजन हलके कर, रेप्स (आवर्तने) वाढव’. जड वजनाने अंग भरते आणि हलक्या वजनाच्या वीस-वीस आवर्तनांनी ते कापले जाते, असा समज. यात तथ्य नाही. अन्न अपुरे पडू लागले की स्नायू पोसणे शरीराला महाग पडते. तो वापरात आहे याची खूण ताणातून मिळत राहिली तरच तो राखला जातो. ज्या वजनाने तो कमावला ते काढून घेतले की राखण्याचे कारणही जाते. हलक्या वजनानेही अगदी थकेपर्यंत काढलेले सेट (न थांबता केलेल्या रेप्सच्या फेऱ्या) स्नायू टिकवतात, हे खरे. पण अर्धपोटी अंगाने पंचवीस-तीस रेप्स शेवटपर्यंत नेणारे थोडेच.

कमी करायचेच असेल तर सेट कमी करावेत. स्क्वॉटला ८० किलोने आठ रेप्सचे चार सेट चालू असतील तर ८० आणि आठ हे दोन आकडे तसेच ठेवून सेट तीनवर, गरज पडली तर दोनवर आणावेत. याला आधारही आहे. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातल्या २०११ च्या अभ्यासात लोकांकडून १६ आठवडे आठवड्यातून तीनदा पायांचा व्यायाम करून घेतला आणि पुढचे ३२ आठवडे काहींचा व्यायाम थेट एक नवमांशावर आणला. वजन मात्र जडच. २० ते ३५ वयाच्या लोकांचा स्नायू एवढ्यावरही टिकला. ६० ते ७५ वयाच्या लोकांची ताकद टिकली, आकार घटला. ही माणसे नेहमीसारखे जेवत होती, त्यामुळे तुटीत याहून बरेच जास्त करावे लागते. पण चार सेटचे तीन झाले म्हणून धास्तावण्याचे कारण नाही. आठवड्यातून तीन दिवस, स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग, खांद्यावरून ढकलण्याचा एक व्यायाम आणि पुलअप्स, प्रत्येक सेट दोन-एक रेप्स शिल्लक असताना थांबवलेला, एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

यासाठी वही हवी. बेंचला मागच्या सोमवारी ६० किलोने आठ निघाले, या सोमवारी सात, पुढच्या सोमवारी सहा. आणि स्क्वॉट, रोइंगचीही तीच गत, तर ताटातली तूट प्रमाणाबाहेर गेली आहे असे समजावे. एकच व्यायाम घसरला तर झोप, सांधा किंवा तो दिवस जबाबदार असतो. पुलअप्सचे आकडे मात्र वाढायला हवेत, कारण उचलायचे शरीरच हलके होत असते.

नवशिक्याला यातले फारसे लागू नाही. त्याने सेट कमी न करता दर आठवड्याला थोडे वजन चढवत जावे. त्याच्या शरीरात चरबी उतरणे आणि स्नायू वाढणे एकाच वेळी चालू शकते. वर्षानुवर्षे व्यायाम केलेल्याला ही चैन नसते.

पोटाच्या व्यायामाने पोटाची चरबी जात नाही. टेनिसपटूंच्या दोन हातांची तुलना १९७१ साली केली गेली. खेळत्या हाताचा स्नायू मोठा भरला, कातडीखालची चरबी दोन्ही हातांत सारखी. ‘स्नायू वाढला की झोपेतही चरबी जळते’ हेही असेच फुगवलेले. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्चतो. दोन किलो कमावला तर अर्ध्या पोळीचीही सोय होत नाही. तासभर वजने उचलून जी ऊर्जा खर्च होते ती एका वडापावात परत येते.

तालमीत जोर-बैठका आणि खुराक ही जोडी होती. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक तासन्‌तास मेहनत करणाऱ्या अंगासाठी होता. कुस्ती सुटलेल्या पैलवानाची मेहनत थांबते, खुराकाची सवय सुटत नाही, आणि चाळिशीत पट्टा एकेक भोक पुढे सरकतो.

ताट

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सामान्य प्रौढासाठी प्रथिनांची शिफारस शरीरवजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम ठेवली. तुटीत राहून वजने उचलणाऱ्याला त्याच्या दुप्पट किंवा अधिक, किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम लागतात. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या २०१६ च्या प्रयोगात ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी अन्न देऊन आठवड्याला सहा दिवस कसून व्यायाम करून घेतला. किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्यांची ३.५ किलो चरबी गेली आणि स्नायू जवळपास तेवढाच राहिला, २.४ ग्रॅम घेणाऱ्यांची ४.८ किलो चरबी जाऊन चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले. प्रथिने पचवण्यातच त्यांतली २० ते ३० टक्के ऊर्जा जाते आणि पोटही बराच वेळ भरलेले राहते, हा वरचा फायदा.

शाकाहारी मराठी घरात खरी अडचण इथे येते. ‘डाळीत प्रथिने असतात’ हे खरे, पण १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत २२ ग्रॅम, आणि सोबत ३३० च्या वर किलोकॅलरी. ८० किलोच्या माणसाला लागणारी सुमारे १२५ ग्रॅम प्रथिने नुसत्या डाळीतून काढायची तर रोज अर्ध्या किलोहून जास्त डाळ शिजवावी लागेल आणि दिवसाचा सगळा कोटा तिथेच संपेल. वाटीभर पातळ वरणातून पाच-सहा ग्रॅमच मिळतात. शेंगदाण्याचे तसेच: प्रथिने डाळीएवढी, पण तेलामुळे ऊर्जा पावणेदोनपट.

८० किलोच्या, दिवसाला २,००० किलोकॅलरी ठरवलेल्या शाकाहारी माणसाचा हिशेब असा बसतो. सोयाबीनच्या ५० ग्रॅम वड्या (२६ ग्रॅम प्रथिने), १०० ग्रॅम पनीर (१८-१९), साय काढलेले अर्धा लिटर दूध (१७), मोठी वाटी दही (७), वरण आणि मटकीची उसळ मिळून ८० ग्रॅम कोरडे कडधान्य (१८), भाकऱ्यांना १५० ग्रॅम ज्वारीचे पीठ (१५), मूठभर शेंगदाणे (५) आणि दुधापासून काढलेल्या ‘व्हे’ या प्रथिनपुडीचा एक स्कूप (२४). बेरीज १३० ग्रॅम. भाज्या, एक फळ आणि स्वयंपाकाचे चमचाभर तेल धरून ऊर्जाही बसते. व्हे नको असेल तर वड्या दुप्पट कराव्या लागतात. ते रोज खाणे जिवावर येते. मासे-अंडी खाणाऱ्याचे गणित सोपे: चार अंड्यांत २५ ग्रॅम, आणि कोकणातला सुका बोंबील तर प्रथिनांनी दाट, फक्त त्यातले मीठ पाहावे.

लोक पोळ्या मोजतात आणि तेल मोजत नाहीत. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज ४० मिलीच्या वर, म्हणजे ३५० च्या आसपास किलोकॅलरी निव्वळ फोडणीतून आणि तळणीतून जातात. कोणाच्याही ताटात ती दिसत नाहीत. उपवासाचाही असाच चकवा असतो. साबुदाण्यात प्रथिने जवळपास शून्य; खिचडीतला दाण्याचा कूट आणि तूप मिळून उपवासाचे ताट नेहमीच्या जेवणाला मागे टाकते.

डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षितांची, दिवसातून दोनदा प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. मधल्या वेळचे चहा-बिस्कीट, फरसाण बंद झाल्याने तूट आपोआप पडते. मात्र वर दिलेली यादी दोन बैठकांत संपवून पाहावी. वजने उचलणाऱ्या शाकाहारी माणसाला पोटात जागा पुरत नाही. तीन-चार वेळा विभागून खाणे त्याला सोयीचे.

भात-पोळी पूर्ण सोडण्याची गरज नसते. व्यायामाआधीच्या दोन-तीन तासांत भाकरी किंवा भात असेल तर शेवटचे सेट निघतात.

मोजमाप, चाल, झोप

रोज सकाळी शौचानंतर वजन करून आठवड्याची सरासरी काढावी आणि बेंबीच्या पातळीवर टेप लावावी. जिममधले विजेवर चालणारे चरबीमापक अंगातल्या पाण्यानुसार आकडे बदलतात. त्यांच्या पावत्या जपून ठेवण्यात अर्थ नाही. पाळीच्या चक्रात स्त्रियांचे वजन पाण्यामुळे वरखाली होते, म्हणून तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करावी. पाळीच थांबली तर तूट तत्काळ थांबवावी.

दहा हजार पावले चालल्याने ८० किलोच्या माणसाच्या २५०-३०० किलोकॅलरी जातात, आणि वजने उचलण्यात त्याचा अडथळा होत नाही. झोपेला मात्र फार हलके घेतले जाते. २०१० च्या एका छोट्या प्रयोगात तेच अन्न देऊन झोप साडेआठ तासांवरून साडेपाचवर आणली, तेव्हा उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. गरोदरपणात कटिंग करू नये.

औषधे

‘फॅट बर्नर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत बहुधा कॅफीन हाच काम करणारा घटक असतो. डायनायट्रोफेनॉल हे रसायन अमेरिकेत १९३३ पासून वजन उतरवण्यासाठी दिले जाई. मोतीबिंदू आणि अंग तापून झालेल्या मृत्यूंमुळे १९३८ मध्ये ते माणसांसाठी वर्ज्य ठरले. तरीही चोरीछुपे ते आजवर विकले जाते.

भूक कमी करणारी इंजेक्शने ही वेगळी गोष्ट. टिर्झेपेटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आणि वजन उतरवण्यासाठीचे सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये विक्रीला आले. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. ज्यांचे डेक्सा स्कॅन (शरीरातली चरबी वेगळी मोजणारी क्ष-किरण तपासणी) झाले त्यांच्या उतरलेल्या वजनात ४० टक्क्यांच्या आसपास भाग चरबीविरहित होता. जेवणच नकोसे होते, त्यामुळे प्रथिने सर्वांत आधी सुटतात. अशा रुग्णाला ताटातले पनीर, अंडी, मासे आधी संपवून मग भाकरीकडे वळायला आणि आठवड्यातून किमान दोन दिवस वजने उचलायला सांगितले जाते.