मोटरहोममधले मोबाइल आणि वायफाय सिग्नल बूस्टर

मोटरहोम म्हणजे चालतंफिरतं घर, अमेरिकेत त्याला सगळे आरव्ही म्हणतात, आणि अशा गाडीत बाहेरचा कमजोर मोबाइल किंवा वायफाय सिग्नल पकडून आत वापरता येईल इतका मोठा करणारी जी यंत्रं बसवतात ती म्हणजे बूस्टर. तिकडे वर्षभर आरव्हीतच राहणारे आणि तिथूनच ऑफिसचं काम करणारे लोक बरेच आहेत, हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटच्या वाळवंटात तर हजारो गाड्या येऊन मुक्काम ठोकतात, आणि ह्या लोकांसाठी पाण्याची टाकी आणि बॅटरी जितकी महत्त्वाची तितकीच रेंज महत्त्वाची असते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, बूस्टर सिग्नल तयार करत नाही, असलेला मोठा करतो. जिथे टॉवरचा मागमूसच नाही तिथे मोठं करायला काही नसतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकला मोठी रेडिओ दुर्बीण आहे आणि तो भाग १९५८ पासून रेडिओ शांतता क्षेत्र आहे, म्हणजे दुर्बिणीला त्रास होऊ नये म्हणून रेडिओ सिग्नल सोडण्यावर निर्बंध आहेत, तिथे कितीही महागडा बूस्टर नेला तरी शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. उलट टॉवर आहे पण डोंगराआड किंवा १५-२० किलोमीटर लांब आहे, गाडीबाहेर उभं राहिलं की फोन कसाबसा लागतो आणि आत आलं की तुटतो, अशा ठिकाणी बूस्टर पैसे वसूल करून देतो.

मोबाइल बूस्टरचे तीन भाग असतात, छतावरचा अँटेना, मधला ॲम्प्लिफायर आणि आतला छोटा अँटेना. काम दोन्ही बाजूंनी चालतं आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, टॉवरचा आवाज आत येतो तसा फोनचा आवाजही टॉवरपर्यंत पोचवावा लागतो. फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास ताकदीने बोलतो, बूस्टरला १ वॅटपर्यंत परवानगी आहे, त्यामुळे लांबच्या टॉवरला फोन ऐकू येत नसेल तर खरा फरक तिथे पडतो. मेसेज येतात पण जात नाहीत, समोरच्याला आपला आवाज तुटक जातो, अशी लक्षणं असली की समजायचं अडचण ह्या बाजूची आहे.

फोनवरच्या दांड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका, प्रत्येक फोन त्या आपल्या हिशोबाने दाखवतो. खरा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असतो, तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीत −८५ छान, −११० रडतखडत, −१२० च्या पुढे गेलं की कॉल तुटलाच समजा. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो, अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत सिमच्या स्टेटसखाली बहुतेक हा आकडा सापडतो. दर ३ डीबीला ताकद दुप्पट, दर १० ला दहापट, म्हणजे चालत्या गाडीसाठी अमेरिकेत बूस्टरला जी ५० डीबीची मर्यादा आहे ती म्हणजे एक लाख पट! ऐकायला प्रचंड वाटतं, पण त्यातलं बरंचसं केबलमध्ये आणि आतल्या अँटेनापासून फोनपर्यंतच्या हवेत खर्ची पडतं. म्हणून सिग्नल फारच कमजोर असला तर फोन आतल्या अँटेनाच्या हातभर अंतरातच ठेवावा लागतो, मागच्या बेडवर बसून रेंज मिळेल ही अपेक्षा करू नये. गाडी उभी असतानाच वापरायचे ६५ डीबीचे सेटही मिळतात, त्यात अँटेना उंच काठीवर चढवतात आणि निघताना उतरवून ठेवतात.

आता बसवण्याचं, कारण चांगला बूस्टर घेऊनही लोक इथेच फसतात. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर गेला की कुईं करून कानठळ्या बसतात ना, अगदी तेच इथे होतं. आतला अँटेना जे सोडतो ते छतावरच्या अँटेनाने परत पकडलं की बूस्टर स्वतःचंच ऐकत बसतो आणि स्वतःला वाचवायला ताकद कमी करतो नाहीतर बंद होतो, डब्यावरचा दिवा लाल किंवा केशरी होतो. बहुतेक आरव्हींचं छत म्हणजे प्लायवूडवर रबर किंवा फायबरग्लासचा थर, त्यातून रेडिओलहरी आरपार जातात, त्यामुळे दोन अँटेनांत अंतर ठेवणं हाच उपाय. बाहेरचा गाडीच्या मागच्या टोकाला, आतला पुढे आणि तोंड उलट्या दिशेला, आणि जमेल तितकी उंचीतही तफावत. एअरस्ट्रीमसारख्या ॲल्युमिनियमच्या ट्रेलरमध्ये उलटं असतं, पत्रा बाहेरचा सिग्नल आत येऊ देत नाही म्हणून बूस्टरची गरज जास्त, पण तोच पत्रा दोन अँटेनांमधली भिंत होतो म्हणून कुईं होण्याचा त्रास कमी.

पत्र्याचा आणखी एक संबंध आहे. कारच्या टपावर चिकटणारे जे चुंबकाचे छोटे अँटेना असतात त्यांना नीट चालायला खाली धातूचा सपाट भाग लागतो, फायबरग्लासवर ते चिकटतही नाहीत आणि नुसते ठेवले तरी अर्धवटच चालतात, तेव्हा खाली लोखंडी पत्र्याचा तुकडा बसवा किंवा ट्रकवाले वापरतात तसा उंच, पत्रा न लागणारा अँटेना घ्या. उंच घेतला तर गाडीची एकूण उंची पुन्हा मोजा, तिकडे बहुतेक राज्यांत मर्यादा १३ फूट ६ इंच आहे आणि झाडांच्या फांद्या वेगळ्याच, म्हणून बुडाशी स्प्रिंग असलेला बरा.

केबलवर पैसे वाचवू नका. १९०० मेगाहर्ट्झच्या आसपास जाड एलएमआर-४०० केबल ३० मीटरमध्ये साधारण ६ डीबी खाते, बारीक आरजी-५८ तेवढ्याच लांबीत त्याच्या तिप्पट किंवा जास्त. गाडीत एवढी लांबी लागत नाही हे खरं, पण उरलेली केबल गुंडाळून कपाटात कोंबण्यापेक्षा हवी तेवढीच घ्यावी. आणि ती आत घ्यायला लगेच छताला भोक पाडायची गरज नसते, बऱ्याच आरव्हींत गॅसवर चालणारा फ्रिज असतो आणि त्याची गरम हवा जायला छतावर झाकणाचं व्हेंट असतं, तिथून केबल सरळ खाली उतरते, फक्त धुरांड्याच्या गरम नळीपासून लांब बांधायची. भोक पाडावंच लागलं तर वर केबल ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच), खाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) आणि वरून आपोआप पसरणारं छताचं सीलंट, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली थोडा झोल द्यायचा म्हणजे पावसाचं पाणी त्या झोलावरून गळून जातं, केबल धरून आत येत नाही. आरव्हीत एकदा पाणी मुरलं की प्लायवूड आतून सडतं आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. वीज गाडीच्या १२ व्होल्टवर, मधे फ्यूज हवाच.

इतकं करूनही कधीकधी दांड्या वाढतात आणि इंटरनेट उलट हळू होतं, त्याचं कारण मायमो. फोरजी-फाइव्हजी फोन एकाच वेळी दोन किंवा चार अँटेनांनी वेगवेगळे डेटाप्रवाह घेतो, साध्या बूस्टरमध्ये एकच वाट असते, म्हणजे चार पदरी रस्ता एकपदरी झाला. शिवाय ग्राहकांसाठीचे बहुतेक बूस्टर ठरावीक जुन्याच बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांवर) चालतात, ६०० मेगाहर्ट्झचा ७१ नंबरचा बँड किंवा फाइव्हजीचा सी-बँड त्यांना कळत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं की बोलण्यासाठी आणि अगदी काठावरच्या सिग्नलसाठी बूस्टर, पण रोजचं व्हिडिओ मीटिंगचं काम असेल तर छतावर मायमो अँटेना आणि त्याला थेट जोडलेला सिमचा राऊटर. जुना सेट स्वस्तात मिळत असेल तर तो फोरजीचा आहे का हे आधी बघा, अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं.

वायफायचं प्रकरण वेगळं. कॅम्पग्राउंडचं वायफाय लांबच्या खांबावरून येतं, ते पकडायला छतावर बाहेरचा रेडिओ आणि आत आपला राऊटर अशी जोडी लावतात, सगळी उपकरणं आपल्याच नेटवर्कला जोडलेली राहतात आणि जागा बदलली की फक्त राऊटरला नवीन पासवर्ड द्यायचा. भिंतीत खोचायचे स्वस्त रिपीटर एकाच रेडिओने घेतात आणि देतात म्हणून वेग साधारण अर्धा होतो. पण संध्याकाळी शंभर गाड्या एकाच लाइनवर सिनेमा बघत असतील तर तुमच्याकडे सिग्नल फुल आणि नेट ठप्प, तिथे कुठलंही यंत्र काही करू शकत नाही. मे २०२२ मध्ये आरव्हीसाठी स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं इंटरनेट, आलं तेव्हापासून उघड्या वाळवंटात बऱ्याच जणांचा प्रश्न सुटला, दाट झाडीत मात्र त्याला आभाळ दिसत नाही आणि वीजही बूस्टरपेक्षा कितीतरी जास्त लागते.

कायद्याचं बघाल तर अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेने, २०१३ मध्ये नियम केले आणि १ मार्च २०१४ नंतर विकला जाणारा प्रत्येक ग्राहक-बूस्टर त्यात बसावा लागतो, वापरणाऱ्याने आपल्या मोबाइल कंपनीकडे नोंदणीही करायची असते. भारतात तसं नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि इकडेही अशा गाड्या दिसायला लागल्या, पण परवानगीशिवाय मोबाइल बूस्टर विकणं, बाळगणं, लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, दूरसंचार खात्याने २०२२ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं होतं, कारण खराब बूस्टर आजूबाजूच्या टॉवरमध्ये गोंगाट भरतो आणि आख्ख्या वस्तीचे फोन तुटतात. ऑनलाइन मिळतो म्हणून चालतो असं समजू नका. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवूही नका, तिकडचे बँड बरेचसे वेगळे. इथल्या कॅराव्हॅनला बाहेरच्या अँटेनाचा सिम राऊटर लावा, वायफाय कॉलिंग सुरू करा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

बसवायच्या आधी एक रात्र सगळं नुसतं टेपने चिकटवून बघावं. बूस्टर बंद ठेवून फोनचा आकडा लिहायचा, चालू करून त्याच जागेवर परत लिहायचा, अँटेना हातभर सरकवून पुन्हा, आणि आकडा १५-२० ने सुधारला आणि दिवा हिरवा राहिला तरच ड्रिल हातात घ्यायचं. नंतर वर्षातून दोनदा छतावर चढून सीलंटला तडे गेलेत का ते बोट फिरवून बघायचं, एकदा पावसाळी भागात जाण्याआधी आणि एकदा कडक उन्हाळा संपल्यावर.